चौलची घरे आणि चौलच्या वाटा

घर घ्यायचे झाले तर आधी विहिरीचे पाणी चाखावे, मग शेजार पाहावा आणि सर्वांत शेवटी भिंतींकडे नजर टाकावी, असे आमच्या घरातली जुनी माणसे सांगत. हल्ली हा क्रम उलटा झाला आहे. मुंबईहून येणारा गृहस्थ पहिला प्रश्न विचारतो तो समुद्र किती दूर हा. दुसरा गाडी दारापर्यंत येते का हा. आणि तिसरा गुंठ्याचा भाव काय हा. विहिरीची आठवण झालीच तर ती खरेदीखतावर सह्या झाल्यावर होते. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या वाहून नेणारी बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला आणि मुंबई आमच्या आणखी जवळ सरकली. तेव्हापासून अलिबागच्या दक्षिणेकडील आगरांत घर शोधणाऱ्यांची वर्दळ वाढली आहे. पाण्याकाठी राहावे, बाजार, देऊळ, शाळा, बंदर सारे पायी फिरता येईल इतके जवळ असावे, ही माणसाची इच्छा काही वावगी नव्हे. पण आमच्या चौलात ती इच्छा दोन हजार वर्षांची जुनी आहे. इथे कोण कोण घर करायला आले, कसे राहिले आणि कसे उठून गेले, हे ठाऊक असले म्हणजे आजच्या खरेदी-विक्रीकडेही जरा वेगळ्या नजरेने पाहता येते. म्हणून हा लेखनप्रपंच.

चंपावती हे चौलचे आणि रेवती हे रेवदंड्याचे पुराणातले नाव. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत चेमूल असा आमचा उल्लेख येतो. ग्रीक खलाशांच्या प्रवासवर्णनात आणि टॉलेमीच्या भूगोलात सेमुल्ला, सिमुल्ला अशी नावे आहेत, तीही आमचीच. शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटात शिलाहार राजा अनंतदेव याने आपल्या प्रधानाच्या घराण्याला ज्या बंदरांत जकात माफ केली, त्यांत ठाणे आणि सोपारा यांच्या पंक्तीला चेमूल्य बसले आहे. हे सारे वैभव कुंडलिकेच्या खाडीचे. मुखाशी कोर्लईचा डोंगर आडवा उभा, आत शांत पाणी, आणि पाठीमागे घाटावर जाणारी वाट. गलबतवाल्याला याहून अधिक काय हवे?

इसवी सन ९१५-१६ च्या सुमारास अल्-मसूदी नावाचा अरब प्रवासी इथे आला. अरब लोक चौलला सैमूर म्हणत. राज्य शिलाहार राजा झंझ याचे. मसूदी लिहितो की, गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे, कोणी बगदादचे. त्यांच्या आपसातल्या तंट्यांचा निवाडा त्यांच्यातलाच एक प्रमुख करीत असे आणि त्याची नेमणूक हिंदू राजा करी. यांत ज्यांचा जन्म याच भूमीत झाला, त्यांना बयासिरा असे निराळे नाव होते. म्हणजे व्यापाराला आलेला कोण आणि घर करून राहिलेला कोण, हा भेद तेव्हाच्या लोकांनाही ठाऊक होता.

हा धडा शिकवताना मी एकदा वर्गात विचारले, "परदेशी व्यापारी आपल्या गावचा झाला, असं केव्हा म्हणायचं?" कोणी म्हणाले, घर बांधले की, कोणी म्हणाले, मराठी बोलायला लागला की. मागच्या बाकावरचा एक वाडीवाल्याचा मुलगा म्हणाला, "सर, त्यानं पोफळी लावली की!" वर्ग हसला. पण पोरगा खोटे बोलला नव्हता. पोफळीला फळ धरायला सहासात वर्षे लागतात. उद्या जाणारा माणूस पोफळी लावीत नाही.

पंधराव्या शतकात, १४६९ च्या सुमारास, अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलच्या धक्क्यावर उतरला. इथली माणसे उघड्या अंगाने वावरतात याचे त्याला नवल वाटले, आणि हा गोरा माणूस पाहून चौलकरांना त्याहून अधिक! जाईल तिथे त्याच्या मागे घोळका असे. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात २००२ साली त्याचे स्मारक उभारले गेले आहे. पुढे सोळाव्या शतकाच्या आरंभी बार्बोझा या पोर्तुगीज माणसाने चौलची घरे चांगली, पण गवताने शाकारलेली, असे वर्णन केले. हिवाळ्याच्या दिवसांत घाटावरून बैलांच्या पाठीवर माल येई आणि जत्रेसारखा बाजार भरे. पावसाळ्यात गाव पुन्हा आपल्यापुरते उरे.

मग पोर्तुगीजांचा काळ आला. १५०८ मध्ये खाडीच्या तोंडाशी इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी झालेल्या लढाईत व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. १५२१ मध्ये निजामशहाकडून किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली आणि १५२४ च्या सुमारास तो पुरा झाला. तेव्हापासून चौले दोन झाली. खाडीच्या तोंडाशी, आजच्या रेवदंड्यात, पोर्तुगीजांचे खालचे चौल. आणि आत, माडा-पोफळींच्या दाटीत, निजामशाहीचे वरचे चौल. खालच्या चौलात दगडी चर्च, मठ, विद्यालय आणि सावकारांच्या माड्या. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने वेढा घातला, तेव्हा एकेका घरासाठी झुंज झाली; ज्या घरांत संसार मांडले होते, त्यांच्याच खिडक्यांतून बंदुका चालल्या. वेढा उठला, तट अधिक भक्कम झाले.

या दोन चौलांमधली वाट कशी होती, हे पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने १६२५ मध्ये लिहून ठेवले आहे. माडांच्या आणि फळझाडांच्या सावलीतून तो चालत वरच्या चौलला गेला. वाटेत बाजार, बाजारापलीकडे बागांत विखुरलेली घरे, आणि पायऱ्यांचा तलाव. हे वाचताना मला हसू येते, कारण मी अजून तीच वाट तुडवतो. रेवदंड्याच्या तटाच्या दरवाज्यापासून रामेश्वराच्या देवळापर्यंत पाऊण तासाची चाल. वाटेत किराणा, पिठाची गिरणी, मासळी घेऊन बसलेल्या कोळणी, आणि दर चार पावलांवर "काय मास्तर, कुठे?" असे विचारणारा कोणीतरी. रामेश्वरासमोरची पुष्करिणी अजून भरलेली असते. मंडपातले पर्जन्यकुंड अवर्षणात उघडतात, अशी रीत आहे. गावात तीनशेसाठ देवळे आणि तितकीच तळी होती, असे जुने लोक सांगतात. मोजायला कोणी गेलेले नाही. पण हंड्याला आणि पायाला पाणी जवळ होते, एवढा अर्थ त्यातून निघतो.

मग इतके सोयीचे गाव ओसरले का? खाडी गाळाने भरत गेली, लढाया थांबेनात, आणि उत्तरेला मुंबई उभी राहिली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या इंग्रजांना कारागीर हवे होते. चौलचे रेशीम विणकर नामांकित. ते मुंबईला गेले, आणि त्यांना राहता यावे म्हणून इंग्रजांनी जकातघरापासून आत जाणारी एक गल्लीच्या गल्ली बांधून काढली. वाचकहो, गंमत पाहा: आज मुंबईकर चौलात घर शोधतो, पण साडेतीनशे वर्षांपूर्वी मुंबईनेच घर देऊ करून चौलची माणसे नेली होती. माग गेले, मागामागून रंगारी गेले, व्यापारी गेले. उठून जाणाऱ्याला घराचे आमिष पुरते. मागे राहणाऱ्याचा बाजार मात्र मोडतो.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि १७४० च्या तहाने चौल मराठ्यांकडे आले. खालच्या चौलातले ख्रिस्ती रहिवासी खाडीपलीकडे कोर्लईला गेले. दगडी घरे मागे राहिली. बोली मात्र त्यांनी बरोबर नेली. मराठीत मिसळलेली ती पोर्तुगीज कोर्लईत आजही घराघरांत बोलली जाते. तिला ते 'नौ लिंग', म्हणजे आपली बोली, असे म्हणतात. इकडे रेवदंड्याचा सातखणी मनोरा वरून ढासळत आला आहे, मठांच्या भिंतींतून वड-पिंपळ उगवले आहेत. आणि त्याच तटाच्या आत आज नारळ-पोफळीच्या वाड्या आहेत, माणसे नांदत आहेत. तट बांधणाऱ्यांचे घर गेले, वाडी लावणाऱ्यांचे राहिले.

आणखी एका उठलेल्या घराची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल लोक पिढ्यान् पिढ्या घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. चेऊलकर हे आडनाव त्यांच्यातही आहे. रेवदंड्यात त्यांचे प्रार्थनामंदिर आहे. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. त्यांना कोणी हाकलले नव्हते.

आता आजचे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांतल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेले माड मुळासकट पडले. पुन्हा पोफळी लावायची तर सात वर्षे खायचे काय? माझ्या चुलतभावाने दोन वर्षे वाट पाहिली आणि वाडीचा अर्धा भाग विकला. मी त्याला दोष देत नाही. मुलीचे शिक्षण उधारीवर होत नाही. घेणारे गृहस्थ सज्जन आहेत. पण त्यांनी बंगला बांधला आणि भोवती सहा फुटांची भिंत घातली. त्या वाडीतून मागच्या आळीला जाणारी वाट होती. बायका तिथून विहिरीवर जात, पोरे शाळेत येत, आमची काकू देवळात जात असे. भिंतीने ती बंद झाली आणि पाच मिनिटांच्या जागी रहदारीच्या हमरस्त्यावरून वीस मिनिटे लागू लागली.

आम्ही चौघे त्या गृहस्थांकडे गेलो. ते म्हणाले, "अहो, पण मला कोणी सांगितलंच नाही! कागदावर तर वाट नाही." आणि खरेच, खरेदीखतात वाटेचा एक शब्द नव्हता. आमच्याकडे वाट लिहून ठेवायची नसतेच, ती चालायची असते. त्यांनी भिंतीत एक लहान फाटक ठेवले. ते नसले म्हणजे त्याला कुलूप असते आणि किल्ली काकूकडे. ज्याला जायचे, तो काकूला हाक मारतो. काकू आता शहात्तर वर्षांची आहे. तिच्यानंतर किल्ली कोणाकडे, हे अजून ठरलेले नाही.

म्हणून घर विकणाऱ्या माझ्या गाववाल्यांना एक सांगणे: सौदा करा, पण वहिवाटीची वाट आणि विहिरीचा हक्क खरेदीखतात लिहून घ्या. वीस वर्षे अखंड आणि हक्काने चाललेल्या वाटेला १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्याचा आधार आहे, आणि शेताची वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्याने सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा आधी एक ओळ लिहिणे स्वस्त.

आणि घेणाऱ्यांनाही एक सांगणे: सातबारा पाहा, त्यातला इतर हक्कांचा रकाना वाचा, शेतजमीन असेल तर बिगरशेतकऱ्याला ती सहजासहजी घेता येत नाही, आणि भरतीच्या रेषेजवळ बांधकामावर १९९१ पासून निर्बंध आहेत, हे विसरू नका. विहिरीचे पाणी वैशाखात चाखा. समुद्राकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते; रहाट होते तोवर ते बेताने निघे, पंपाने उपसा वाढला की खालचे खारे वर येते आणि एकट्याची नव्हे, साऱ्या आळीची विहीर मचूळ होते. पोहण्याचा तलाव बांधण्यापूर्वी शेजारणीचा हंडा आठवा.

चौलने अरबांना घर दिले, यहुद्यांना दिले, पोर्तुगीजांनाही दिले. मुंबईकर तर आमचेच. कित्येकांच्या आडनावात अजून चौल आहे. त्यांनी अवश्य यावे. मात्र आठ दिवसांपुरते घर घेऊ नये. यंदा दिवाळीत आमच्या आळीतल्या अकरा घरांपैकी सात घरांत आकाशकंदील लागले आहेत. उरलेल्या चारांच्या धन्यांना मी हा अंक पाठवणार आहे. फराळाला या, आणि येताना पायी या. वाट दाखवायला आम्ही आहोत.