नाव आणि ठिकाण : दस्तऐवजांच्या सामायिक फायलींचा इतिहास

१९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ८८७९ क्रमांकाचे मानक म्हणून एसजीएमएल ही मजकुरात खुणा घालण्याची पद्धती प्रसिद्ध केली आणि मजकुराची रचना त्याच्या दृश्य रूपापासून अलग ठेवण्याचे तत्त्व रूढ झाले. मात्र त्यामुळे प्रत्येक दस्तऐवज बाहेरच्या अनेक फायलींवर विसंबून राहू लागला. कोणत्या घटकात कोणता घटक बसतो याचे नियम डीटीडी या फायलीत, छापील किंवा पडद्यावरील रूपाचे नियम स्टाइलशीटमध्ये, तर एन्टिटी, म्हणजे प्रक्रियेच्या वेळी ज्यांच्या जागी पूर्ण मजकूर किंवा चिन्ह भरले जाते अशी संक्षिप्त नावे, आणखी वेगळ्या फायलींत असत. मानकाच्या परिशिष्टात अशा चिन्हांचे १९ संच होते. त्यांत लॅटिन, ग्रीक, सिरिलिक आणि गणिती चिन्हांची सोय होती, देवनागरीची नव्हती. ती उणीव अनेक लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोड या अक्षरसंकेताने भरून काढली आणि १९९८ साली युनिकोडच्याच पायावर उभ्या राहिलेल्या एक्सएमएल या एसजीएमएलच्या सुटसुटीत रूपाने अक्षरांपुरती एन्टिटींची गरज बरीच कमी केली.

खरी अडचण फायली सापडण्याची होती. एका संगणकावरचा मार्ग दुसऱ्यावर चालत नसे, म्हणून एसजीएमएलने प्रत्येक सामायिक फायलीला ठिकाणनिरपेक्ष असे सार्वजनिक नाव देण्याची सोय केली. या नावात मालक, प्रकारासह वर्णन आणि भाषा हे भाग दुहेरी तिरप्या रेघांनी वेगळे केलेले असत; उदाहरणार्थ, ‘आयएसओ ८८७९:१९८६//एन्टिटीज ॲडेड लॅटिन १//ईएन’. नावाची ठिकाणाशी सांगड घालणारी यादी म्हणजे कॅटलॉग, आणि तिचे स्वरूप एसजीएमएल ओपन या संघटनेने आपल्या ९४०१ क्रमांकाच्या ठरावाने निश्चित केले. हीच संघटना पुढे ओएसिस झाली.

या व्यवस्थेचे सर्वांत बोलके रूप फ्रीबीएसडी या मुक्त संगणकप्रणालीच्या दस्तऐवज प्रकल्पात दिसते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस या प्रकल्पाने आपली हस्तपुस्तिका लिनक्सडॉक या साध्या खूणपद्धतीतून डॉकबुक या तांत्रिक पुस्तकांसाठीच्या खूणपद्धतीत आणली आणि त्यानंतर फायलींची मांडणी दोन स्तरांवर स्थिरावली. सर्व भाषांना समान असलेल्या फायली मुळाशी असलेल्या ‘शेअर’ या फोल्डरात राहिल्या. भाषा, देश आणि अक्षरसंकेत यांच्या नावाने केलेल्या प्रत्येक फोल्डरात पुन्हा त्या भाषेपुरते ‘शेअर’ होते. लेखकांची नावे आणि ईमेल पत्ते एन्टिटींच्या एकाच फायलीत असल्यामुळे एखाद्याचा पत्ता बदलला, तरी शेकडो पाने उघडावी लागत नसत. त्या फायलीतील एक ओळ दुरुस्त केली की पुरे. स्टाइलशीटही अशाच थरांनी रचलेली होती. तळाशी नॉर्मन वॉल्श यांच्या डॉकबुकसाठीच्या स्टाइलशीट, त्यांवर प्रकल्पाचे स्वतःचे नियम आणि सर्वांत वर भाषेपुरते फेरफार अशी तिची घडण होती. कॅटलॉग शोधतानाही आधी भाषेचा आणि मग सामायिक, असा क्रम असे. अनुवादकाला मूळ फायलीला हात न लावता आपल्यापुरता बदल करता येई, हे या रचनेचे मोठेच श्रेय मानावे लागेल.

वॉल्श यांनी पुढे एक्सएमएलसाठी केलेल्या एक्सएसएल स्टाइलशीटमध्येही ‘कॉमन’ नावाचे सामायिक फोल्डर होते, आणि प्रकरण, आकृती, अनुक्रमणिका यांसारखे आपोआप उमटणारे शब्द भाषावार फायलींत तेथेच ठेवलेले असत. या फायलींत पुढे मराठीचीही भर पडली.

कॅटलॉगची शिस्त न पाळल्यास काय होते, हे २००८ साली जगापुढे आले. असंख्य प्रोग्रॅम स्थानिक प्रत वापरण्याऐवजी प्रत्येक वेळी मूळ वेबपत्त्यावरूनच डीटीडी मागवत असल्यामुळे आपल्यावर दिवसाला १३ कोटींपर्यंत मागण्या येऊन आदळतात, असे वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने त्या वर्षी फेब्रुवारीत जाहीर केले. नावाला ठिकाणाचे रूप आले, की ते ठिकाण सर्वांचा भार वाहते, आणि नाव व ठिकाण वेगळे ठेवणारी १९९०च्या दशकातील कॅटलॉगची व्यवस्था किती मोलाची होती, हे यावरून दिसते.

दरम्यान एसजीएमएलवरून एक्सएमएलवर आलेल्या फ्रीबीएसडी प्रकल्पाने २०२१ साली तेही सोडून ॲस्कीडॉक ही हलकी पद्धती स्वीकारली. कॅटलॉग आणि डीटीडी मागे पडल्या, परंतु लेखकांची आणि वेबपत्त्यांची यादी अजूनही ‘शेअर्ड’ या फोल्डरातील फायलींतूनच पुस्तकांत समाविष्ट केली जाते.