नारळाच्या बागेतलं पहिलं रिसॉर्ट

मालदीवच्या रिसॉर्टवर उतरलेल्या पाहुण्याला बहुधा मालदीव देश दिसतच नाही. विमानतळावरून स्पीडबोट किंवा सी-प्लेन आणि थेट एक बेट. त्या बेटावर एकच हॉटेल. गाव नाही, बाजार नाही, शाळा सुटल्यावर धावणारी पोरं नाहीत. किनाऱ्यापासून थोडं पोहत गेलं की प्रवाळभिंत आणि तिच्यापलीकडे एकदम खोल, गडद निळं पाणी. ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही रीत आज इतकी रुळली आहे, की श्रीमंतांच्या हौसेसाठी कुणीतरी ती मुद्दाम आखली असावी असं वाटतं. प्रत्यक्षात तिचा जन्म टंचाईत झाला.

1965 साली ब्रिटिशांच्या संरक्षणातून मोकळा झालेला हा देश मासळीवर जगत होता. बोनिटो जातीचा मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून तो कोलंबोला जाई आणि तिथून तांदूळ, साखर, कापड येई. बाहेरच्या जगाशी व्यापार करायचा तर शेजारचं बंदर गाठावं लागे. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात माले शहरातला बराचसा परदेशी व्यापार मुंबईहून आलेल्या बोहरा व्यापाऱ्यांच्या हाती होता, तोही त्याचमुळे. आपला संबंध त्याहून जुना आहे. हिंदुस्थानच्या बाजारात चालणारी कवडी मुख्यतः इथूनच येई. 14व्या शतकात मालदीवमध्ये काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूताने हा व्यवहार लिहून ठेवला आहे: समुद्रातून जिवंत कवड्या गोळा करायच्या, मांस झडून जाईपर्यंत खड्ड्यात ठेवायच्या आणि उरलेली पांढरी शुभ्र कवडी बंगालच्या व्यापाऱ्यांना देऊन तांदूळ घ्यायचा. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. कवडी हे मूळचं प्रवाळाच्या आसऱ्याने वाढणाऱ्या एका गोगलगायीचं घर आहे, हे ती माळ पाहताना सहसा आठवत नाही. म्हणजे पर्यटक यायच्या कित्येक शतकं आधीपासून या देशाची मिळकत प्रवाळावरच उभी होती.

1970च्या दशकात श्रीलंकेतला सुक्या मासळीचा बाजार कोसळला. दुसरा धंदा शोधणं भाग होतं, पण पर्यटनाचं नाव कुणी घेत नव्हतं. 1960च्या दशकात येऊन गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या एका पथकाने ही बेटं पर्यटनाला योग्य नाहीत असंच सांगितलं होतं. त्यांच्या नजरेने पाहिलं तर ते खोटं नव्हतं. बँक नव्हती, परदेशी फोन लागत नव्हता, हुलहुले बेटावर धावपट्टी होती पण नियमित विमानसेवा नव्हती. समुद्राखालचं वैभव मात्र काही थोड्यांना ठाऊक झालं होतं. ऑस्ट्रियाचा पाणबुड्या संशोधक हान्स हास 1957-58 मध्ये ‘क्सारिफा’ हे जहाज घेऊन या पाण्यात येऊन गेला होता.

मग जॉर्ज कॉर्बिन नावाचा एक इटालियन प्रवासव्यावसायिक माणसांचा वावर नसलेली बेटं शोधत कोलंबोला पोहोचला. तिथल्या मालदीवच्या वकिलातीत काम करणाऱ्या अहमद नसीमशी त्याची गाठ पडली. नसीमने त्याला आपला देश दाखवला आणि कॉर्बिन हरखून गेला. फेब्रुवारी 1972 मध्ये तो इटालियन पाहुण्यांचा एक जथा घेऊन परत आला. त्यात छायाचित्रकार होते, पत्रकार होते. देशात हॉटेलच नव्हतं, तेव्हा हे लोक मालेतल्या घरांमध्येच उतरले.

पाहुण्यांना शहर नको होतं, समुद्र हवा होता. नसीम, मोहम्मद उमर मणिकू आणि हुसेन अफीफ या तरुणांनी मग मालेजवळचं विहामनाफुशी नावाचं बेट निवडलं. तिथे नारळाची बाग होती, वस्ती नव्हती. 3 ऑक्टोबर 1972 रोजी तिथे 30 खोल्यांचं ‘कुरुंबा व्हिलेज’ सुरू झालं. कुरुंबा म्हणजे शहाळं. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, छप्पर झावळ्यांचं, आंघोळीला विहिरीचं मचूळ पाणी, जेवायला भाजलेली ताजी मासळी. कोलंबोशी निरोपांची देवाणघेवाण हॅम रेडिओवर आणि मोर्स संकेतांत चाले. त्याच वर्षी बंडोस बेटावरही रिसॉर्ट निघालं आणि दोन्ही मिळून 280 खाटा झाल्या. पहिल्या वर्षी जेमतेम हजारभर पर्यटक आले. बँक आली ती 1974 मध्ये, आणि ती होती आपल्या स्टेट बँक ऑफ इंडियाची शाखा.

रिकामं बेट निवडण्यात तेव्हा कसलंच धोरण नव्हतं. ते हाताशी होतं म्हणून घेतलं. पण एकदा सुरू झाल्यावर त्या निवडीमागची सोय ध्यानात आली. असं बेट अनेकदा दहा-बारा मिनिटांत चालून संपतं. त्याच्या पोटात खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर असतो आणि जास्त उपसा केला की तो खारट होतो. वीज आपली आपण करायची, त्यासाठी डिझेल बोटीने आणायचं, सांडपाण्याची आणि कचऱ्याची सोय आपणच लावायची. पुढे समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं आली, तीही प्रत्येक बेटाची वेगळी. एवढ्याशा जमिनीवर दोन हॉटेलं नांदणं अवघडच. तिथल्या खोलीचं भाडं ऐकून आपण दचकतो, पण एका लहान नगरपालिकेचा खर्च त्यात मिसळलेला असतो.

दुसरं कारण समाजाचं होतं. मालदीव पूर्णपणे मुस्लिम देश आहे. वस्तीच्या बेटांवर दारूला बंदी आहे, डुकराचं मांस चालत नाही, पोशाखाचे संकेत वेगळे आहेत. सुरुवातीच्या वर्षांत पाठीवर पिशवी टाकून आलेले तरुण पर्यटक गावांत राहत. 1980च्या दशकात सरकारने ते थांबवलं. पर्यटक रिसॉर्टच्या बेटावर आणि रहिवासी आपल्या बेटावर, मधे समुद्र. अडचणीतून पडलेल्या वाटेला अशी कायद्याची कुंपणं लागली. त्यासोबत काही फार चांगले नियमही झाले: इमारत झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच नको, बेटाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त जागेवर बांधकाम नको. मालदीवची छायाचित्रं आजही आधी हिरवी दिसतात आणि मग त्यांत घरं सापडतात, याचं श्रेय मी या नियमांना देतो. पण त्या कुंपणाची किंमतही मोठी होती. सुमारे पंचवीस वर्षं त्या देशातल्या कोळ्याला आपल्या दारात पाहुणा ठेवून चार पैसे कमावता आले नाहीत. हा अन्याय होता.

पाण्यावर खांब रोवून उभारलेल्या खोल्या, ज्यांच्याशिवाय आज मालदीवची जाहिरात होत नाही, त्या मात्र मूळच्या इथल्या नव्हेत. त्यांचं माहेर प्रशांत महासागरात, ताहितीच्या परिसरातल्या रायातेआ बेटावर. 1967 साली तीन अमेरिकन मित्रांना तिथे हॉटेल काढायचं होतं आणि त्यांच्या जागेला पुळणच नव्हती, समोर थेट प्रवाळ होतं. म्हणून त्यांनी खोल्याच पाण्यावर नेल्या आणि खालचे मासे दिसावेत म्हणून जमिनीत काच बसवली. म्हणजे इथेही मूळ कारण उणिवेचंच. मालदीवला ही युक्ती फार मानवली, कारण जमीन तोकडी आणि भोवतालचं उथळ पाणी मुबलक. मला या खोल्यांबद्दल शंका वाटत आली आहे. खांब रोवताना तळ ढवळतो, उडालेला गाळ प्रवाळावर बसतो आणि लाकडी वाटांची सावली पडते तिथे प्रवाळातल्या शैवालाला ऊन मिळत नाही. त्या शैवालाकडूनच तर प्रवाळाला अन्न मिळतं.

आणि प्रवाळ गेलं तर बेटच राहत नाही. मालदीवची जमीन समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटर उंच आहे. लाटांचा जोर प्रवाळभिंतीवर फुटतो; जगभरच्या मोजमापांतून असं दिसलं आहे की लाटांची सरासरी 97 टक्के ऊर्जा ती शोषून घेते. पायाखालची वाळूसुद्धा तिचीच. मालदीवच्या वक्कारू बेटाभोवती शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी 85 टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांनी केलेली निघाली. हे मासे शैवाल खाताना प्रवाळाचा खडक खरवडतात, दळतात आणि विष्ठेतून पांढरी वाळू टाकतात. ज्या पुळणीवर खुर्ची टाकून बसण्यासाठी लोक वर्षभर पैसे साठवतात, ती अशी घडते.

कुरुंबाच्या पहिल्या भिंती प्रवाळाच्याच होत्या, आणि त्यात तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. मालेतली 1658ची हुकुरू मिस्की ही मशीद कोरीव प्रवाळात बांधलेली आहे आणि तिची कलाकुसर पाहण्यासारखी आहे. पण मशिदींना पुरलेला दगड वाढत्या शहराला आणि वाढत्या रिसॉर्टांना पुरणारा नव्हता. 1987च्या एप्रिलमध्ये मोठ्या लाटा मालेत शिरल्या, त्यानंतर प्रवाळभिंतीची खरी किंमत सगळ्यांना कळली आणि प्रवाळ खणण्यावर निर्बंध येत गेले. 1998 मध्ये एल निनोच्या वर्षी पाणी तापलं आणि उथळ पाण्यातलं बहुतेक प्रवाळ पांढरं पडून मेलं. 2016 आणि 2024 मध्ये पुन्हा पांढरं पडलं. अनेक रिसॉर्टांवर आता सागरी जीवशास्त्रज्ञ नेमलेले असतात. तुटलेले तुकडे लोखंडी सांगाड्यांना बांधून ते समुद्रात वाढवतात. हे काम मनापासून चालतं आणि मला त्याचं मोल वाटतं, पण सांगाडे काही चौरस मीटर झाकतात आणि भिंत मैलोगणती आहे.

2008च्या सत्ताबदलानंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसना परवानगी मिळाली. माफुशीसारख्या बेटावर आता गावकऱ्यांची स्वतःची गेस्टहाउस आहेत आणि मालेहून सरकारी फेरीने तिथे पोहोचता येतं. दारू मिळत नाही, पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळी पुळण राखलेली असते. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल असा हा मालदीव आहे. जाणाऱ्याने खोलीच्या आधी तिथल्या प्रवाळाची चौकशी करावी: किनाऱ्यावरून पोहत भिंतीपर्यंत जाता येतं का, आणि ती जिवंत आहे का.