मेलबर्नची ती संध्याकाळ : 'वादळी दम्या'चा इतिहास

#थ्रेड #इतिहास

२१ नोव्हेंबर २०१६, सोमवार. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहर दिवसभर ३५ अंशांच्या उकाड्यात भाजून निघाले होते. सायंकाळी पश्चिमेकडून वादळ आले. पाऊस बेताचाच पडला, वारा मात्र जोराचा होता. पारा थोड्याच वेळात सुमारे दहा अंशांनी खाली आला. अशा वेळी जगातील कोणत्याही शहरातील माणूस जे करतो तेच मेलबर्नकरांनी केले. खिडक्या उघडल्या आणि गार वारा अंगावर घेतला.

त्यानंतर तासाभरात शहराच्या निरनिराळ्या भागांतील हजारो माणसांचा श्वास एकाच वेळी कोंडू लागला. आपत्कालीन सेवेच्या '०००' या क्रमांकावर सातच्या सुमारास दर साडेचार सेकंदांना एक दूरध्वनी येत होता. रुग्णवाहिका संपल्या, पोलीस आणि अग्निशमन दलाच्या गाड्या रुग्णांकडे धाडाव्या लागल्या. पुढील ३० तासांत शहर व परिसरातील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत श्वसनविकाराचे रुग्ण नेहमीपेक्षा ३,३६५ ने अधिक आले. दहा जणांचा मृत्यू झाला.

या आकड्यांहून विलक्षण गोष्ट पुढे चौकशीत उघड झाली. ज्या रुग्णांची नंतर माहिती घेतली गेली, त्यांपैकी दम्याचे निदान झालेले आणि तो विकार चालू असलेले लोक जेमतेम २८ टक्के होते. बाकीच्यांपैकी असंख्य जणांना दम्याचा झटका म्हणजे काय याचा त्या संध्याकाळी आयुष्यातला पहिलाच अनुभव येत होता. घरात औषध नव्हते, पंप नव्हता, आणि आपल्याला काय होत आहे हे सांगायला शब्दही नव्हता.

ही घटना आकाशातून कोसळल्यासारखी वाटली, तरी ती पहिली नव्हती. जुलै १९८३ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे एका वादळानंतर दीड दिवसात दम्याचे २६ रुग्ण एका रुग्णालयात आले. तेथील डॉक्टरांनी १९८५ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याची नोंद केली आणि संशय हवेतील बुरशीच्या बीजाणूंवर घेतला. खुद्द मेलबर्नमध्ये नोव्हेंबर १९८७ आणि नोव्हेंबर १९८९ अशा दोन वादळांनंतर हेच घडले होते. ३० ऑक्टोबर १९९७ रोजी ऑस्ट्रेलियातीलच वॅगा वॅगा या लहानशा शहरात २१५ माणसे धापा टाकत एका रुग्णालयात पोहोचली.

सर्वांत बोलका दाखला मात्र लंडनचा. २४ जून १९९४ च्या सायंकाळी दक्षिण इंग्लंडवर वादळ आले आणि ३० तासांत लंडन परिसरातील रुग्णालयांत ६४० रुग्ण आले. एरवी इतक्या वेळात ६६ अपेक्षित असत. त्यांतील २८३ जणांना पूर्वी दमा असल्याची नोंदच नव्हती. ४०३ जणांना मात्र 'हे फीवर', म्हणजे परागकणांमुळे होणारी सर्दी व शिंका, यांचा त्रास होता. काही विभागांत साधने अपुरी पडली, घरी गेलेल्या डॉक्टरांना परत बोलवावे लागले. म्हणजे २०१६ मध्ये मेलबर्नवर जे ओढवले त्याची लहान प्रतिकृती २२ वर्षे आधी छापील स्वरूपात उपलब्ध होती. ती वाचली गेली, पण दम्याच्या तज्ज्ञांत. रुग्णवाहिका पाठवणाऱ्या यंत्रणेच्या मेजावर ती कधी पोहोचली नाही.

कोडे असे होते. गवताचा परागकण आकाराने मोठा असतो. तो नाकात व घशात अडकतो, शिंका आणतो, पण फुप्फुसाच्या बारीक नळ्यांपर्यंत उतरत नाही. मग दमा कसा होतो? उत्तर १९९२ साली मेलबर्नच्याच वनस्पतिशास्त्रज्ञांनी दिले. सेंक सुफिओग्लू, मोहन बीर सिंह, ब्रूस नॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की 'रायग्रास' या गवताचा परागकण पाण्यात भिजला की फुटतो आणि त्यातून सुमारे ७०० पिष्टकण बाहेर पडतात. हे कण इतके सूक्ष्म की श्वासाबरोबर थेट खोल उतरतात, आणि अ‍ॅलर्जी चेतवणारे प्रथिन त्यांच्यातच असते.

वादळ या क्रियेचे यंत्र बनते. वर चढणारी हवा परागकण ढगात ओढून नेते, तेथील आर्द्रतेत ते फुटतात आणि ढगातून खाली कोसळणारा थंड झोत ते कण जमिनीलगत पसरवत पुढे धावतो. उकाड्यानंतर येणारी ती पहिली सुखद झुळूक म्हणजेच हा झोत.

रायग्रास ऑस्ट्रेलियाचे मूळचे नव्हे. युरोपीय वसाहतकारांनी गुराढोरांच्या चाऱ्यासाठी ते आणले, आणि मेलबर्नच्या उत्तरेला व पश्चिमेला त्याची कुरणे पसरली. नोव्हेंबर हा तेथे वसंताचा अखेरचा महिना. गवत फुलोऱ्यात असते. पश्चिमेचा वारा कुरणांवरून थेट शहरात शिरतो. एकोणिसाव्या शतकातील वसाहतीच्या शेतीने एकविसाव्या शतकातील शहराची हवा घडवली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

या कथेत भारतीयांचा संबंध दुरून जोडलेला नाही. त्या दिवसांत दम्यासाठी भरती झालेल्यांमध्ये भारत किंवा श्रीलंकेत जन्मलेल्यांचे प्रमाण १० टक्के होते. आधीच्या तीन वर्षांत ते १ टक्का असे. शिकायला वा नोकरीला गेलेली तरुण माणसे, ज्यांना मायदेशी कधी दमा नव्हता. अभ्यासकांचा तर्क असा की नव्या देशात काही वर्षे राहिल्यावर शरीर तेथील परागकणांशी वैर धरू लागते. वसंतात नाक गळते, डोळे चुरचुरतात, आणि माणूस 'साधी सर्दी' म्हणून दुर्लक्ष करतो. त्या संध्याकाळी आजारी पडलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के लोकांना अशी सर्दी होती. पूर्वसूचना नाकाने दिली होती. ती वाचणारे कोणी नव्हते.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील 'तमक श्वास' आजच्या दम्याशी बराच जुळतो. त्याच्या वर्णनात दोन निरीक्षणे आहेत : रुग्णाला आडवे झाल्यावर त्रास वाढतो व बसल्यावर बरे वाटते, आणि ढग, पाणी, थंडी व पूर्वेचा वारा यांनी विकार बळावतो. चरकाला परागकणांचे विज्ञान ठाऊक होते असा दावा यावरून करणे हास्यास्पद होईल. पण रुग्णाच्या उशाशी बसून आभाळाकडेही पाहणारा वैद्य येथे दिसतो, हे नाकारता येत नाही.

झटका आल्यावर करायचे काय, या प्रश्नाच्या आधुनिक उत्तरातही भारताचा एक धागा आहे. १८०२ च्या सुमारास मद्रासहून धोतऱ्याचा धूर ओढण्याचा उपाय ब्रिटनमध्ये पोहोचला, आणि पुढे शतकभर युरोपात दम्यासाठी धोतऱ्याच्या विड्या व सिगारेटी विकल्या गेल्या. उपाय अगदीच निराधार नव्हता. धोतऱ्यातील द्रव्ये आवळलेल्या श्वासनळ्या सैल करतात. मात्र तीच द्रव्ये जास्त झाली तर विष ठरतात, म्हणून आज घरी हा प्रयोग करणे जिवाशी खेळ होईल. विसाव्या शतकाच्या आरंभी अ‍ॅड्रिनॅलिनची सुई आली. मग १९५५ मध्ये अमेरिकेतील रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांना त्यांच्या दमेकरी मुलीने विचारले, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का मिळत नाही? पुढच्याच वर्षी ठरावीक मात्रा देणारा पहिला पंप बाजारात आला. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये सालब्युटामॉल आले, आणि आजचा सर्वपरिचित निळा पंप बहुधा त्याचाच असतो.

औषध तर होते. मेलबर्नमध्ये ते औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतही होते. मग माणसे का गेली? आपत्कालीन यंत्रणेची घडण आग, पूर, अपघात यांसाठी झालेली होती, म्हणजे ज्या संकटाला ठिकाण असते त्यासाठी. या संकटाला ठिकाणच नव्हते. प्रत्येक दूरध्वनी घेणाऱ्याला एकच रुग्ण दिसत होता. सर्व मिळून ही एकच घटना आहे हे उमगायला वेळ गेला, आणि लोकांना वेळेवर इशारा मिळाला नाही. घरात बसलेल्याला रुग्णवाहिका निघाली असेल अशी आशा होती, आणि निघायला रुग्णवाहिका उरलीच नव्हती.

व्हिक्टोरिया राज्याने त्यानंतर केलेले बदल नोंदवण्याजोगे आहेत. ऑक्टोबर २०१७ पासून परागकणांच्या हंगामात वादळी दम्याचा दररोजचा अंदाज प्रसिद्ध होऊ लागला. हवामान खाते व आरोग्य खाते प्रथमच एका नकाशावर आले. आणि प्रथमोपचाराचा 'चार-चार-चार' हा तेथील जुना क्रम नव्याने घराघरांत पोहोचवला गेला : रुग्णाला ताठ बसवावे, झोपवू नये, एकटे सोडू नये. निळ्या पंपाचे चार फवारे स्पेसर नळीतून, एका वेळी एकच, प्रत्येक फवाऱ्यानंतर चार श्वास. चार मिनिटे थांबावे. आराम नसेल तर पुन्हा चार फवारे. तरीही आराम नसेल तर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा.

त्या सूचनेतील एक कलम विशेषतः त्या संध्याकाळच्या रुग्णांना लागू पडते. ज्या माणसाला दमा असल्याचे पूर्वी ठाऊक नाही त्याला धाप लागली, तर दुसऱ्या फेरीची वाट न पाहता लगेच '०००' फिरवावा. तोवर पंप उपलब्ध असेल तर द्यावा. श्वास कोंडण्याचे कारण दमा नसले, तरी त्या फवाऱ्यांनी अपाय होण्याचा संभव फार कमी. (भारतात हाच दूरध्वनी १०८ किंवा ११२ वर करायचा.)

मृत्यूंची न्यायिक चौकशी २०१८ मध्ये पूर्ण झाली. दहा मृत्यूंचा संबंध त्या वादळाशी असल्याचे तीत नोंदवले गेले. आता मेलबर्नमध्ये दरवर्षी १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात तो नकाशा रोज निघतो. धोका कमी असेल त्या दिवशी तो हिरवा असतो, मध्यम असेल तेव्हा नारिंगी आणि जास्त असेल तेव्हा लाल. लाल दिवशी दारे-खिडक्या लावून घरात राहण्याचा आणि विशेषतः वादळाआधीच्या वाऱ्यात बाहेर न पडण्याचा सल्ला दिला जातो.