सव्वा मिनिटाचा डॉक्टर

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला रॉबर्ट ब्रिजेस हे नाव भेटते ते बहुधा हॉपकिन्सच्या निमित्ताने. १८८९ मध्ये वारलेल्या मित्राच्या कविता जपून ठेवून १९१८ मध्ये त्या प्रसिद्ध करणारा, १९१३ पासून इंग्लंडचा राजकवी, छंदांचा काटेकोर अभ्यासक, एवढी ओळख परीक्षेपुरती पुरते. हा मनुष्य शिक्षणाने आणि काही वर्षे पेशानेही डॉक्टर होता, ही गोष्ट तळटीपेत येते आणि तेथेच राहते. वस्तुतः त्याचे एक विलक्षण गद्यलेखन लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या १८७८ च्या अहवालग्रंथात आहे. विषय आहे तेथील कॅज्युअल्टी विभाग, म्हणजे कोणीही, केव्हाही, न बोलावता उपचारासाठी येत असे ती जागा.

या न बोलावता येण्याचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमधील वर्गणीवर चालणाऱ्या रुग्णालयांत गरिबाला प्रवेश हवा असेल, तर बहुतेक ठिकाणी वर्गणीदाराची शिफारसचिठ्ठी लागे. अपघाताचा रुग्ण तेवढा अपवाद. वर्गणीदार मोठ्या घरचा. त्याच्या दारी जाऊन आपण गरीब, शिवाय सच्छील आहोत, हे पटवून द्यायचे, मग आजाराचे बघायचे. विल्यम मार्सडेन या शल्यवैद्याला १८२७ च्या हिवाळ्यात एका चर्चच्या पायऱ्यांवर मरणोन्मुख पडलेली एक तरुणी आढळली. चिठ्ठी नाही म्हणून तिला कोठे दाखल करता येईना, असे सांगतात. पुढच्याच वर्षी त्याने चिठ्ठीवाचून चालणारा मोफत दवाखाना काढला. आजचे रॉयल फ्री रुग्णालय ते हेच. ‘फ्री’ या शब्दात केवळ पैशांची माफी नाही, शिफारशीचीही आहे, हे सहसा लक्षात येत नाही.

दार उघडले की गर्दी होते, आणि गर्दीचा हिशेब कोणी तरी मांडावा लागतो. तो ब्रिजेसने मांडला. एका वर्षात आपण ३०,९४० रुग्ण तपासले आणि प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १.२८ मिनिटे आली, असे त्याने लिहिले. गुणाकार केला तर हे साधारण ६६० तास होतात. सव्वा मिनिटाहून किंचित अधिक एवढ्या अवधीत रुग्णाने आपले दुखणे सांगायचे, डॉक्टरने ते ऐकायचे, औषध लिहायचे आणि ही साधी पडशी आहे की फुप्फुसांचा विकार, हेही ठरवायचे! एकेका मात्रेचे वजन करणारा कवी येथे माणसांना दिलेल्या वेळेचे शतांश मोजत बसला आहे. त्यात विनोद आहे, आणि मला तो फार कडवट वाटतो. कारण दोषारोप करताना त्याने स्वतःला वगळलेले नाही. सरासरी त्याची स्वतःचीच आहे.

त्या काळच्या वैद्यकविश्वात तक्रार नेमकी उलट दिशेने चालली होती. ऐपत असलेले लोक फुकट औषधाला येतात, क्षुल्लक दुखणी घेऊन येतात, रुग्णालयांचा गैरवापर होतो, अशी ओरड होती. पण दुखणे क्षुल्लक आहे हे ठरवायचे कोणी? कापलेल्या बोटाचे रुग्णाला कळते. खोकल्याचे कळत नाही. ते कळण्यासाठीच तो आलेला असतो. ब्रिजेसच्या आकड्यांचे मोठेपण असे, की प्रश्न रुग्णाच्या लायकीचा नसून डॉक्टरजवळच्या वेळेचा आहे, हे त्यांनी उघड केले.

‘कॅज्युअल्टी’ या शब्दाच्या मुळाशी योगायोगाने घडणे, अकस्मात येणे आहे. बेघरांना रात्रीपुरता आसरा देणाऱ्या वर्कहाउसच्या खोल्यांनाही ‘कॅज्युअल वॉर्ड’ म्हणत. दोन्हीकडे येणारा तो अवचित आलेला, यादीबाहेरचा. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आली, घराजवळच्या डॉक्टरकडे प्रत्येकाची नोंदणी होऊ लागली, तरी हा यादीबाहेरचा मनुष्य काही संपला नाही. १९६२ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने विभागाचे नावच बदलून ‘अपघात व तातडीची सेवा’ असे करण्याची शिफारस केली. नाव बदलले म्हणजे पडशीवाले येणार नाहीत, ही आशा मोठी भाबडी होती. (आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत ‘कॅज्युअल्टी’ अजून रूढ आहे. रात्री तापाने फणफणलेले मूल खांद्यावर टाकून तेथे धावणाऱ्या आईबापांना त्या शब्दाची व्युत्पत्ती कोण विचारतो?)

२००० साली इंग्लंडमध्ये ‘वॉक-इन’ केंद्रे उघडली, तेव्हा या अवचित आलेल्याला प्रथमच सन्मानाने नाव मिळाले. वेळ ठरवायची नाही, नोंदणी लागत नाही. मुरगळलेला घोटा, घशाचा संसर्ग, भाजणे, चिरणे यांसाठी सरळ आत या. बहुतेक केंद्रांचा कारभार अनुभवी परिचारिकांकडे होता. दहाएक वर्षांत अशी दोनशेहून अधिक केंद्रे झाली. त्यानंतर मात्र ती बंद होऊ लागली. २०१४ पर्यंत पन्नासहून अधिक मिटली होती. पुढे आलेल्या कारणांपैकी एक असे, की केंद्रांमुळे गरज भागण्याऐवजी वाढते, किरकोळ दुखण्यांचे लोक येतात. ब्रिजेसने हे वाक्य शिकाऊ डॉक्टर असतानाच ऐकले असणार.

ब्रिजेसने चाळिशीपर्यंतच वैद्यकी करायची असे ठरवले होते. न्यूमोनियाने तो १८८१ मध्ये स्वतःच आजारी पडला आणि १८८२ मध्ये त्याने व्यवसाय सोडला. उरलेले आयुष्य कवितेचे. बार्ट्सच्या कॅज्युअल्टीतली गर्दी त्याच्या काव्यात शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. ती त्या अहवालातच राहिली.

इंग्लंडमध्ये आता वॉक-इन केंद्रांच्या जागी ‘अर्जंट ट्रीटमेंट सेंटर’ उभी राहत आहेत. तेथेही न सांगता जाता येते. पण आधी १११ क्रमांकावर दूरध्वनी करून, दुखणे सांगून, वेळ घेऊन आलेले बरे, असे लोकांना सुचवले जाते.