चेरीचे झाड आणि खरे वॉशिंग्टन

श्रोतेहो, एक गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकली असेल. सहा वर्षांच्या जॉर्ज वॉशिंग्टनला कुणीतरी एक कुऱ्हाड दिली. पोराने बागेतल्या, वडिलांच्या आवडत्या चेरीच्या झाडावर ती चालवून पाहिली. वडिलांनी दरडावून विचारले, तेव्हा जॉर्ज म्हणाला की, मला खोटे बोलता येत नाही, ते मीच केले. वडिलांनी त्याला पोटाशी धरले. हाच मुलगा पुढे अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला.

ही गोष्ट मीही वर्गात कितीतरी वेळा सांगितली आहे. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती सांगत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. खेड्यातून रोज सायकलने येणारा, एरवी तोंड न उघडणारा. म्हणाला, “सर, तिथं बाप न् पोरगा दोघंच होते ना? मग हे बाहेर कुणी सांगितलं?” वर्ग हसला. मीही हसलो आणि धडा पुढे नेला. पण खरे सांगायचे तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते. ते शोधता शोधता अमेरिकेच्या आरंभीच्या पुढाऱ्यांची चरित्रे मी वाचली आणि त्यांच्यावरची नाटके पाहिली. त्यांतून हाती काय लागले, ते आज आपल्याला सांगणार आहे.

आधी त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देऊ. वॉशिंग्टन १७९९ च्या डिसेंबरात वारले. पुढच्याच वर्षी मेसन लॉक वीम्स नावाच्या गृहस्थांनी त्यांचे एक छोटेखानी चरित्र छापले. हे वीम्स धर्मोपदेशक होते आणि गावोगाव फिरून पुस्तकेही विकत. लोकांना काय आवडते, हे त्यांना नेमके ठाऊक होते. चेरीच्या झाडाची गोष्ट पहिल्या आवृत्तीत नाही. ती आली १८०६ च्या पाचव्या आवृत्तीत, आणि आधार काय, तर म्हणे वॉशिंग्टनच्या नात्यातल्या एका वृद्ध बाईने सांगितले! त्या बाईंचे नाव नाही, गाव नाही. इतिहासकारांना दुसरा कोणताही आधार मिळालेला नाही. म्हणजे गंमत पाहा, मुलांनी खरे बोलावे म्हणून जी गोष्ट आपण सांगतो, तीच रचलेली निघाली.

आपण म्हणाल, असू द्या की रचलेली! संस्कार तर चांगलाच होतो, मग बिघडले कुठे? बिघडले ते असे की, या सोप्या गोष्टीने एक अवघड गोष्ट झाकून टाकली. जॉर्ज अकरा वर्षांचा असताना त्याचे वडील वारले आणि दहा गुलाम माणसे त्याला वारशाने मिळाली. स्वातंत्र्याचे युद्ध लढलेला हा सेनापती जन्मभर गुलामांचा मालक होता. १७९९ साली माउंट व्हर्नन या त्यांच्या मळ्यांवर ३१७ गुलाम राबत होते. त्यांतले १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे. त्याच वर्षी जुलैत त्यांनी स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिले. त्यात त्यांनी ठरवून दिले की, या १२३ जणांना आपल्या पत्नीच्या मृत्यूनंतर मोकळे करावे. विल्यम ली हा त्यांचा जुना सेवक मात्र ताबडतोब मोकळा करावा आणि त्याला वर्षाला तीस डॉलर द्यावेत. पत्नी मार्था यांनी स्वतःच्या मृत्यूची वाट न पाहता १ जानेवारी १८०१ रोजीच त्या सगळ्यांना मोकळे केले. मात्र मार्थाबाईंच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतून आलेले गुलाम कायद्याने सोडता येत नव्हते. ते गुलामच राहिले, आणि कित्येक कुटुंबांत नवरा मोकळा तर बायको बांधलेली, अशी ताटातूट झाली.

झाडाची कबुली सहा वर्षांच्या पोराची होती आणि तिची किंमत म्हणजे फार तर एक छडी. ही दुसरी कबुली सदुसष्ट वर्षांच्या माणसाची, उशिराने दिलेली आणि अर्धीमुर्धी. पण ती खरी आहे. एवढा मोठा माणूससुद्धा आपल्या काळाच्या अन्यायातून किती हळू आणि किती थोडा बाहेर पडला, हे तिच्यावरून कळते. वर्गात सांगायची झाली तर यांपैकी कोणती सांगावी?

आता नाटकाकडे वळू. या पुढाऱ्यांचा नाटकाशी संबंध त्यांच्या हयातीतच होता. जोझेफ अ‍ॅडिसन या इंग्रज लेखकाचे ‘केटो’ नावाचे नाटक वॉशिंग्टनच्या विशेष आवडीचे. सीझरपुढे मान न तुकवणाऱ्या एका रोमन पुरुषाचे ते कथानक आहे. व्हॅली फोर्जच्या छावणीत सैन्याने थंडी, उपासमार आणि रोगराई यांत एक हिवाळा काढला आणि १७७८ च्या मे महिन्यात तिथेच या नाटकाचा प्रयोग झाला. जीव जगवून उठलेल्या शिपायांपुढे नाटक! करमणूक तर ती होतीच, पण आपण कशासाठी मरतो आहोत हे त्यांना त्या रंगभूमीवर दिसत असले पाहिजे.

पुढे हे पुढारी स्वतःच नाटकातली पात्रे झाले. १९६९ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या नाट्यवस्तीत ‘१७७६’ नावाचे संगीत नाटक आले. गाणी आणि चाली शर्मन एडवर्ड्स यांच्या, संवाद पीटर स्टोन यांचे. हे एडवर्ड्स पूर्वी शाळेत इतिहास शिकवीत असत. गुरुजनांनी हे अवश्य लक्षात ठेवावे! स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत होईपर्यंत फिलाडेल्फियाच्या सभागृहात जी हमरीतुमरी चालली, तीच या नाटकाची कथा. उकाडा आहे, माश्या आहेत, प्रतिनिधी एकमेकांवर खेकसत आहेत. तसबिरीतली माणसे एकदम घाम पुसताना दिसू लागतात.

त्यात जॉन अ‍ॅडम्स आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅबिगेल एकमेकांना लिहिलेल्या पत्रांतून बोलतात. अ‍ॅडम्स तोफांच्या दारूसाठी सोरा मागतात, तर अ‍ॅबिगेल टाचण्या पाठवा म्हणतात. या टाचण्या नाटककाराच्या मनच्या नव्हेत. इंग्लंडहून येणारा माल बंद झाल्यावर अ‍ॅबिगेलबाईंनी खरोखरच पत्रातून टाचण्या मागवल्या होत्या. या दांपत्याची अकराशेहून अधिक पत्रे आज शाबूत आहेत. डेव्हिड मॅकलो यांनी २००१ साली अ‍ॅडम्स यांचे जे नावाजलेले चरित्र लिहिले, त्याचा प्राण ही पत्रेच. १७७६ च्या मार्चमध्ये बाईंनी नवऱ्याला बजावले होते की, नवे कायदे कराल तेव्हा बायकांचा विसर पडू देऊ नका. अ‍ॅडम्स यांनी ते हसण्यावारी नेले. आणि जुलैत, तिकडे जाहीरनाम्याची धामधूम चालू असताना, देवीच्या साथीपासून वाचवण्यासाठी मुलांना टोचून घ्यायला बाई बॉस्टनला गेल्या होत्या. एकाच महिन्यात एक राष्ट्र जन्माला घालतो आहे आणि दुसरी लेकरे जगवते आहे. चरित्र आपल्याला दोन्ही घरे दाखवते.

मात्र नाटक सोयीप्रमाणे इतिहासाला मुरडही घालते, हे विसरू नये. ‘१७७६’ मध्ये सगळे प्रतिनिधी ४ जुलैला सह्या करताना दिसतात. खरे पाहता स्वातंत्र्याचा ठराव २ जुलैला झाला, ४ जुलैला मजकूर संमत झाला आणि बहुतेकांच्या सह्या २ ऑगस्टला झाल्या. नाटकात थॉमस जेफर्सन यांच्या पत्नी फिलाडेल्फियात येऊन नाचतात. प्रत्यक्षात त्या आजारी होत्या आणि दूर व्हर्जिनियातच होत्या. पण एक बोचरी गोष्ट नाटकाने झाकलेली नाही. जेफर्सन यांच्या मूळ मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा परिच्छेद होता, तो सभेने गाळला. नाटकात दक्षिणेचा एक प्रतिनिधी उत्तरेकडच्यांना सुनावतो की, गुलाम आणणारी गलबते तुमचीच आहेत, आणि सभागृह गप्प होते. तारखा चुकल्या तरी इथे नाटक खरे बोलते.

ज्या थिएटरात ‘१७७६’ पहिल्यांदा उभे राहिले, त्याचे नाव पुढे बदलले. त्याच वास्तूत २०१५ च्या ऑगस्टमध्ये ‘हॅमिल्टन’ हे दुसरे संगीत नाटक आले. त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. लिन-मॅन्युएल मिरांडा हा तरुण कलावंत २००८ साली सुट्टीवर निघाला. वाचायला म्हणून त्याने रॉन चर्नाउ यांनी २००४ साली लिहिलेले अलेक्झांडर हॅमिल्टनचे जाडजूड चरित्र बरोबर घेतले. वेस्ट इंडीजच्या बेटांवर वाढलेला एक पोरका मुलगा. व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकुनी करतो. १७७२ च्या वादळाचे त्याने केलेले वर्णन वर्तमानपत्रात छापून येते, आणि लोक वर्गणी काढून त्याला शिकायला उत्तर अमेरिकेत पाठवतात. तो वॉशिंग्टनचा सहायक होतो, पुढे देशाचा पहिला अर्थमंत्री होतो, आणि १८०४ साली उपाध्यक्ष आरन बर याच्याशी झालेल्या द्वंद्वयुद्धात गोळी लागून मरतो. परदेशातून आलेल्या माणसाच्या या धडपडीत मिरांडाला आपलीच माणसे दिसली. काळ्या वस्त्यांतून आलेली, ठेक्यावर झरझर बोलत जाण्याची ‘रॅप’ ही तऱ्हा त्याने वापरली आणि गोऱ्या पुढाऱ्यांच्या भूमिका बहुतांशी गौरेतर नटांना दिल्या. जुलै २०२० मध्ये या प्रयोगाचे चित्रीकरण घरोघरी पाहायला मिळू लागले. मीही ते मुलीबरोबर बसून पाहिले आणि अर्थखात्याच्या वादावर गाणे होऊ शकते, हे तेव्हा मला पटले.

या नाटकात एका मेजवानीवर गाणे आहे. १७९० च्या जूनमध्ये हॅमिल्टन, जेफर्सन आणि मॅडिसन जेवायला एकत्र बसले. राज्यांची कर्जे केंद्राने घ्यावीत आणि त्या बदल्यात राजधानी दक्षिणेला, पोटोमॅक नदीकाठी न्यावी, असा सौदा तिथे झाला म्हणतात. आता माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न इथे विचारा बरे! हे बाहेर कुणी सांगितले? तर एकट्या जेफर्सन यांनी. यजमान तेच, साक्षीदारही तेच. पण निदान साक्षीदाराचे नाव ठाऊक आहे, म्हणून त्याचे म्हणणे तपासता तरी येते.

आणि ज्याची साक्ष कुणी ऐकूनच घेतली नाही, त्याचे काय? जेफर्सन यांच्या मळ्यावर सॅली हेमिंग्ज ही गुलाम स्त्री होती. तिचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने १८७३ साली एका वर्तमानपत्रातून सांगितले की, माझे वडील जेफर्सन. शंभर वर्षांहून अधिक काळ बहुतेक चरित्रकारांनी ते उडवून लावले. अ‍ॅनेट गॉर्डन-रीड या कायद्याच्या प्राध्यापिकेने १९९७ साली दाखवून दिले की, पुरावा तोलण्याचा काटाच वाकडा होता. गोऱ्या वारसांचा शब्द जड आणि काळ्या मुलाचा हलका! पुढच्याच वर्षी वंशजांच्या रक्ताच्या तपासणीने मॅडिसनच्या म्हणण्याला बळकटी दिली. आज बहुतेक इतिहासकार ते मान्य करतात.

‘हॅमिल्टन’वरही असाच आक्षेप आला की, रंगमंचावर नट काळे, पण गुलामांची पात्रे जवळजवळ नाहीतच. इश्मेल रीड या काळ्या लेखकाने २०१९ साली त्यावर नाटकच लिहिले. त्यात ज्यांना वगळले ते गुलाम आणि मूळ रहिवासी येऊन नाटककाराला जाब विचारतात. नाटकाला नाटकाने दिलेले हे उत्तर मला फार मोलाचे वाटते.

ही नजर आपल्याला परकी नाही. जोतीराव फुले तरुणपणी शिवाजी महाराजांचे आणि वॉशिंग्टनचे चरित्र वाचीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. परंतु १८७३ साली, म्हणजे मॅडिसन हेमिंग्जने तोंड उघडले त्याच वर्षी, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती वॉशिंग्टनला अर्पण केली नाही. गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना केली. चरित्र कसे वाचावे, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. थोर माणसाकडून धैर्य घ्यावे, आणि त्याने अर्धवट सोडलेले काम कुणी पुढे नेले, तेही पाहावे.

गुरुजनहो, एक छोटी सूचना करून थांबतो. मुलांकडून एखाद्या पुढाऱ्याचा प्रवेश बसवून घ्या. झाल्यावर फळ्यावर तीन रकाने आखा: आपल्याला ठाऊक काय होते, आपण मनचे काय घातले, आणि रंगमंचावर कोण आलेच नाही. तिसरा रकाना मुलांना भरू द्या. ती भरतात, असा माझा अनुभव आहे.

चेरीच्या झाडाची गोष्ट मी अजूनही सांगतो. फक्त ती संपली की थांबतो आणि विचारतो, “हे बाहेर कुणी सांगितलं असेल?” तो प्रश्न माझा नाही, मागच्या बाकावरच्या त्या मुलाचा आहे, हेही मग मुलांना सांगतो.