जबलपूरच्या मेसपासून शार्लटपर्यंत: ॲलिसन फिशर आणि टेबलावरच्या हक्काची गोष्ट

धागा

(१)
हिंगोली हा जिल्हा कागदोपत्री तरुण आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून तो वेगळा झाला. गावाची लष्करी आठवण मात्र जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी ही फौज. १९०३ साली ती भारतीय सैन्यात विलीन झाली. छावणी म्हटली की अधिकाऱ्यांची मेस आली, आणि मेस म्हटली की पावसाळ्यातील रिकाम्या, लांबलचक संध्याकाळी आल्या. अशाच एका छावणीतील कंटाळ्यातून जगाला एक खेळ मिळाला.

(२)
ती छावणी जबलपूरची, वर्ष १८७५. डेव्हनशायर रेजिमेंटमधील नेव्हिल चेंबरलेन नावाचा तरुण अधिकारी बिलियर्ड्सच्या टेबलावर नवनवे प्रयोग करीत होता. चालू खेळात त्याने आणखी रंगीत चेंडूंची भर घातली. एका सोबत्याचा सोपा फटका हुकला, तेव्हा चेंबरलेनने त्याला चेष्टेने ‘स्नूकर’ म्हटले. वूलविचच्या लष्करी अकादमीत नवख्या विद्यार्थ्यांसाठी हा शब्द वापरला जाई. पुढे तेच खेळाचे नाव झाले. ही हकीकत चेंबरलेनने स्वतः म्हातारपणी सांगितली. नियम पक्के झाले ते उटीच्या क्लबात.

(३)
जन्मस्थान लक्षात घ्यावे. हा खेळ अंगणात जन्मला नाही, मैदानावर नाही आणि देवळासमोरच्या पटांगणातही नाही. तो जन्मला पुरुषांच्या बंद खोलीत, धूर आणि मद्याच्या संगतीत. बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद टेबल घरात मावत नाही. ते ज्याच्या ताब्यात, खेळ त्याचा. कॅरम पाहा. तो पाट उचलून भिंतीला टेकवता येतो, म्हणून आजी, सून, नात सगळ्याच सोंगट्या मारतात. स्नूकर खेळायचे तर आधी क्लबचा दरवाजा ओलांडावा लागतो, आणि स्त्रियांची अडचण फटक्याची नव्हती, दरवाजाची होती.

(४)
दरवाजा ओलांडणे भारतीय पुरुषांनाही सोपे गेले नव्हते, पण त्यांनी तो ओलांडला. पुण्यात १९२२ साली जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. स्वतंत्र भारताला कोणत्याही खेळात मिळालेला हा पहिला जगज्जेता. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी पुन्हा विजेतेपद मिळवले. त्यांच्यानंतर मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ असा तीन वेळा तो मान मिळवला. या सुवर्णयादीत त्या काळातील एकाही स्त्रीचे नाव नाही.

(५)
म्हणजे स्त्रिया खेळतच नव्हत्या काय? इंग्लंडमध्ये १९३४ साली स्त्रियांची व्यावसायिक स्नूकर अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. रूथ हॅरिसन ही तिची निर्विवाद सम्राज्ञी. जॉइस गार्डनर, थेल्मा कार्पेंटर या तिच्या समकालीन. कौशल्य होते, नावे होती, प्रेक्षकही होते. महायुद्धानंतर मात्र आर्थिक आधार सुटला आणि १९५० नंतर ती स्पर्धा थांबली. त्यानंतर तब्बल पाव शतक स्त्रियांच्या स्नूकरला जागतिक व्यासपीठच उरले नाही. परंपरा तुटते तेव्हा पुढच्या पिढीला वाटते की आपल्याआधी कोणी नव्हतेच. स्त्रियांच्या क्रीडेतिहासात हे वारंवार घडलेले दिसते.

(६)
१९७६ साली मिडल्सबरो येथे स्त्रियांसाठी पुन्हा जागतिक स्तरावरील स्पर्धा झाली. विजेती होती व्हेरा सेल्बी, पेशाने कलेची अध्यापिका. तिने १९८१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, पुन्हा जगज्जेतेपद मिळवले.

याच काळातील आणखी एक प्रसंग बोलका आहे. १९७८ साली वेकफील्डमधील एका कामगार क्लबने स्त्रियांना स्नूकर खेळण्यास बंदी केली. शीला कॅपस्टिक ही तेथे खेळणारी बाई गप्प बसली नाही. तिने सह्या गोळा केल्या, निदर्शने केली, आणि क्लबांमधील समान हक्कांची मोहीम देशभर नेली. ‘स्त्रीचा क्यूवरील हक्क’ अशा अर्थाची तिची घोषणा गाजली. कामगार क्लबांच्या मध्यवर्ती संघटनेने स्त्रियांना समान हक्क दिले, पण ते २००७ साली! एकोणतीस वर्षांनी.

(७)
या पार्श्वभूमीवर ॲलिसन फिशर समजून घ्यावी लागते. तिचा जन्म २४ फेब्रुवारी १९६८ चा, इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यातला. सातव्या वर्षी दूरचित्रवाणीवर स्नूकर पाहून ती त्या खेळाच्या प्रेमात पडली. क्लबचा दरवाजा बंद असला तरी दूरचित्रवाणीला दरवाजा नसतो. बीबीसीने १९६९ साली ‘पॉट ब्लॅक’ हा कार्यक्रम सुरू केला होता. रंगीत चित्रवाणीची जाहिरात करायला रंगीत चेंडूंचा खेळ हवा होता, इतकेच निमित्त. त्यातून स्नूकर घराघरांत शिरले, आणि घरात तर मुलीही होत्या.

(८)
आता १९८५ हे वर्ष पाहू. एप्रिलच्या अखेरीस शेफील्डमध्ये डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस यांचा जागतिक अंतिम सामना मध्यरात्र उलटल्यावर शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या चेंडूवर संपला. टेलर १८-१७ ने जिंकला. ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक तो सामना पाहत होते.

त्याच वर्षी सतरा वर्षांची ॲलिसन फिशर स्त्रियांची जगज्जेती झाली. पहिल्या घटनेवर आजही माहितीपट निघतात. दुसरी घटना बहुतेकांना यादीतील एका ओळीपुरती ठाऊक असते.

(९)
पुढील दहा वर्षे त्या यादीवर तिचीच छाप आहे. १९८५, १९८६, १९८८, १९८९, १९९१, १९९३ आणि १९९४ अशी सात जागतिक विजेतेपदे तिने मिळवली. १९९१ साली स्टीव्ह डेव्हिसच्या साथीने तिने जागतिक मिश्र दुहेरी स्पर्धाही जिंकली. अंतिम सामन्यात समोर स्टीफन हेंड्री आणि स्टेसी हिलियार्ड होते, निकाल ५-४.

त्याच सुमारास व्यावसायिक स्नूकरची दारे सर्वांसाठी खुली झाली आणि फिशर पुरुषांच्या पात्रता फेऱ्यांतही उतरली. मात्र खुल्या दारातून एकदम शेकडो खेळाडू आत आले. पहिल्या फळीपर्यंत पोहोचण्याआधी फेऱ्यांमागून फेऱ्या, आणि त्यांचा खर्च खेळाडूच्याच खिशातून.

(१०)
येथे मूळ प्रश्न उभा राहतो. एखादी व्यक्ती आपल्या खेळात सात वेळा जगज्जेती होते आणि तरीही त्या खेळावर तिचे पोट भरण्याची खात्री नसते. अशा वेळी तिने काय करावे? वाट पाहावी, की घर सोडावे?

फिशरने १९९५ साली घर सोडले. ती अमेरिकेला गेली, नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहरात स्थायिक झाली आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तिने खेळच बदलला. स्नूकरऐवजी नाइन-बॉल पूल.

(११)
हा बदल किती मोठा होता, हे ठाऊक नसणाऱ्यांसाठी थोडा तपशील. स्नूकरचे टेबल बारा फुटी, पूलचे नऊ फुटी. स्नूकरमध्ये पंधरा लाल, सहा रंगीत आणि एक पांढरा असे बावीस चेंडू असतात. नाइन-बॉलमध्ये क्रमांकाचे नऊ आणि एक पांढरा. स्नूकरचा चेंडू साडेबावन्न मिलिमीटरचा, पूलचा सत्तावन्नाहून थोडा अधिक, म्हणून जडही.

स्नूकरमध्ये पहिला फटका हळुवार असतो, चेंडूंना जेमतेम स्पर्श करून पांढरा चेंडू सुरक्षित परत आणायचा. नाइन-बॉलमध्ये पहिलाच फटका जोरकस असतो. सगळे चेंडू विखुरले पाहिजेत आणि एखादा पॉकेटमध्येही गेला पाहिजे. त्यानंतर टेबलावरील सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूलाच आधी स्पर्श करण्याचे बंधन. स्नूकर म्हणजे संयमाने केलेली मोर्चेबांधणी. नाइन-बॉल म्हणजे छापा. एक चूक झाली की डाव हातातून जातो.

(१२)
फिशरच्या जमेला मात्र एक मोठी गोष्ट होती. विशाल टेबलावर, अरुंद पॉकेटमध्ये चेंडू घालण्याची वीस वर्षांची सवय. लहान टेबलावर तिची अचूकता प्रतिस्पर्ध्यांना भयावह वाटू लागली. अमेरिकन प्रेक्षकांनी तिला ‘विनाशाची डचेस’ असे टोपणनाव दिले. जागतिक नाइन-बॉल विजेतेपद तिने १९९६, १९९७ आणि १९९८ असे सलग तीन वेळा आणि पुन्हा २००१ साली मिळवले. २००९ साली अमेरिकेतील बिलियर्ड काँग्रेसच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये तिचा समावेश झाला.

(१३)
अमेरिकेत वेगळे काय होते? तेथील पुरुष अधिक उदार होते असे नव्हे. वेगळी होती ती संघटना. १९७६ साली स्थापन झालेली स्त्रियांची व्यावसायिक संघटना नव्वदच्या दशकापर्यंत स्वतःच्या स्पर्धा स्वतः चालवत होती. ईएसपीएनवर त्यांचे प्रक्षेपण होई. जीनेट ली हिच्यासारखी खेळाडू तेथे घराघरांत परिचित झाली होती. स्त्रियांचा खेळ पुरुषांच्या खेळाची पुरवणी म्हणून विकला जात नव्हता, त्याला स्वतःचा प्रेक्षक होता. कौशल्य ब्रिटनने घडवले, त्याचे मोल अमेरिकेने दिले.

(१४)
फिशर एकटी गेली असती तर तो अपवाद ठरला असता. पण तिच्यामागून उत्तर आयर्लंडची तीन वेळा जगज्जेती कॅरन कॉर गेली, आणि पुढे पाच वेळा जगज्जेती केली फिशरही. (आडनाव सारखे, नाते नाही.) दोघींनी पूलमध्येही नाव कमावले. एका खेळाच्या तीन सम्राज्ञी एकामागून एक देशांतर करतात, तेव्हा तो व्यक्तिगत निर्णय राहत नाही. तो त्या खेळाच्या व्यवस्थेवरचा अभिप्राय असतो.

(१५)
मागे राहिलेल्यांची कथाही नोंदवली पाहिजे. रीअॅन इव्हान्सने २००५ ते २०१४ सलग दहा वेळा आणि एकूण बारा वेळा जागतिक विजेतेपद मिळवले. २०१५ साली जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत माजी जगज्जेत्या केन डोहर्टीला तिने ८-१० पर्यंत झुंजवले. २०२१ साली तिला आणि हाँगकाँगच्या एनजी ऑन यी हिला मुख्य व्यावसायिक मालिकेत दोन वर्षांचे स्थान मिळाले. फिशर गेल्यानंतर सव्वीस वर्षांनी.

(१६)
आणि भारत? म्हैसूरच्या चित्रा मगिमैराज आधी कर्नाटकाकडून हॉकी खेळत, नंतर त्या बिलियर्ड्समध्ये जगज्जेत्या झाल्या. २०१७ साली सिंगापूर येथे स्त्रियांच्या जागतिक स्नूकर स्पर्धेत बंगळूरच्या विद्या पिल्ले अंतिम फेरीत पोहोचल्या. समोर एनजी ऑन यी. सामना अकराव्या, म्हणजे निर्णायक फ्रेमपर्यंत गेला आणि विद्या ५-६ ने हरल्या. जबलपूरमध्ये जन्मलेल्या खेळाचा मुकुट एका भारतीय स्त्रीच्या हातून एका फ्रेमने निसटला. या पराभवाची आठवण एखाद्या विजयाइतकीच जपली पाहिजे.

(१७)
इतिहासाच्या विद्यार्थ्याने या कथेतून एक गोष्ट उचलावी. विजेत्यांची यादी पुरावा असते, पण अर्धाच. त्या यादीत कोण नाही, आणि ते का नाही, याचा पुरावा क्लबच्या नियमावलीत, टेबलाच्या लांबी-रुंदीत, बक्षिसाच्या रकमेत आणि कधी कधी विमानाच्या तिकिटात सापडतो.

आज हिंगोलीसारख्या ठिकाणची एखादी मुलगी कॅरमच्या पाटावर कोपऱ्यातली सोंगटी अचूक टिपते, तेव्हा कोन, वेग आणि स्पर्श यांचे तेच गणित ती सोडवत असते. नजर तीच, हातही तोच. प्रश्न पूर्वीचाच आहे: टेबल कुठे आहे, आणि त्या खोलीचा दरवाजा तिच्यासाठी उघडा आहे का?

धागा समाप्त. आपल्या गावातील जुन्या क्लबांच्या, छावण्यांच्या आणि तेथे खेळलेल्या स्त्रियांच्या आठवणी कोणाच्या घरी असतील, तर त्या खाली अवश्य लिहाव्यात.