साडेअकरा पौंडांची मुदत

माझ्या लॅपटॉपवर 'पीएचडी फायनल ३' नावाची एक एक्सेल शीट आहे. दिवसभर ऑफिसचं कोडिंग आणि रात्री जेवणं उरकली की ही शीट, असं गेलं वर्षभर चाललंय. त्यात एकोणतीस विद्यापीठं आहेत. देश, प्राध्यापक, अर्जाची शेवटची तारीख आणि पैसे असे चार रकाने. मी 'पैसे' हा रकाना सगळ्यात आधी भरतो. बाबा एसटीतून निवृत्त झालेत, घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. त्यामुळे स्वतःच्या खिशातून शिकायला जाण्याचा प्रश्नच येत नाही.

या रकान्यानं मला बरंच शिकवलं. अमेरिकेत माझ्या विषयात पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल स्टायपेंड मिळतो. जर्मनीत पीएचडी ही अनेकदा रीतसर नोकरी असते. ई-१३ नावाची वेतनश्रेणी असते, पण ती पूर्ण वेळेची आहे की अर्ध्या-पाऊण, ते बारकाईनं वाचावं लागतं. आपल्याकडे जेआरएफ असेल तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. जाहिरातींत मात्र सगळीकडे एकच शब्द भेटतो, 'फुल्ली फंडेड'. एका रात्री अशाच एका जाहिरातीच्या तळाची ओळ वाचली : निधी तीन वर्षांचा, अभ्यासक्रम चार वर्षांचा. म्हणजे चौथ्या वर्षी खायचं काय?

तेव्हा मी धनंजय कीर यांनी लिहिलेलं डॉ. आंबेडकरांचं चरित्र पुन्हा वाचत होतो. शाळेत बाबासाहेबांच्या पदव्या आम्ही पाढ्यांसारख्या म्हणायचो. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. या वेळी मी पदव्या सोडून पैशांवर बोट ठेवत गेलो, आणि ती कथा वेगळीच दिसायला लागली.

सुरुवात मुंबईत होते. इंटरनंतर घरची परिस्थिती बेताची. कृ. अ. केळुसकर गुरुजी या मुलाला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. त्यावर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झालं. १९१३ च्या सुरुवातीला भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. लगेच वडील अत्यवस्थ असल्याची बातमी आली आणि २ फेब्रुवारीला रामजी सुभेदार गेले. त्याच वर्षी बडोदा संस्थान काही विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवणार होतं. भीमरावांनी अर्ज केला आणि निवड झाली. रक्कम होती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं.

४ जून १९१३ ला त्यांनी करारावर सही केली. ठरवून दिलेला अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची. आमच्या आयटी कंपन्यांत दोन वर्षांचा बाँड म्हटलं तरी पोरं कुरकुरतात. हा दहा वर्षांचा होता, आणि सही करणारा बावीस वर्षांचा होता. त्याला पर्यायच नव्हता म्हणून त्यानं सही केली असेल, असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, त्यानं हिशेब केला असणार. तीन वर्षांचा अभ्यास विकत मिळतोय, किंमत दहा वर्षं.

न्यूयॉर्कमधली ती तीन वर्षं बघितली की घड्याळाचा आवाज ऐकू येतो. त्यांच्या नावावर अर्थशास्त्राचे २९ कोर्स आहेत, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन. १९१५ मध्ये एम.ए. झालं. मे १९१६ मध्ये त्यांनी मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये जातींवरचा तो प्रसिद्ध निबंध वाचला. त्याच साडेअकरा पौंडांतून मुंबईला रमाबाईंना पैसे जायचे आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तकं यायची. कीर तो आकडा दोन हजारांच्या आसपास सांगतात. ज्याला ठाऊक आहे की मीटर चालू आहे, तोच एवढं भरून घेतो.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. त्यांचे कोलंबियातले प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिलं. आज आपण ज्याला 'रेको' म्हणतो आणि ज्यासाठी कॉलेजच्या सरांना चार-चार मेल टाकतो, ते हेच. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश झाला, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं. अभ्यास जोरात सुरू असताना १९१७ मध्ये बडोद्याहून परत बोलावणं आलं. शिष्यवृत्ती संपली होती. विद्यापीठानं एवढंच केलं की चार वर्षांच्या आत परत येऊन काम पुरं करायची परवानगी दिली.

पुढचा भाग आपल्याला साधारण माहीत असतो, पण पैशाच्या बाजूनं बघा. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत उतरले. त्यांचं सामान दुसऱ्या बोटीनं येत होतं, ती महायुद्धात पाणतीरानं बुडाली. त्या सामानाची भरपाई मिळाली तेव्हा कुठे बडोद्याला जाण्याइतके पैसे हातात आले! तिथे कुणी राहायला जागा देईना. नाव लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. ऑफिसात शिपाई लांबूनच फायली फेकायचे. दहा वर्षांचा करार काही दिवसांत संपला. करार करताना शिष्यवृत्तीची प्रत्येक अट लिहिली गेली होती, फक्त काम करणाऱ्याला राहायला घर लागतं, ही एक गोष्ट सुटली होती.

मग मधली तीन वर्षं. शिकवण्या घेतल्या. शेअर बाजाराबद्दल सल्ला देणारी फर्म काढली, मालकाची जात कळल्यावर गिऱ्हाइकं थांबली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार ४५० रुपये. घर काटकसरीत चालवून त्यातले पैसे बाजूला पडत होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. कोलंबियापासूनचे पारशी मित्र नवल भथेना यांनी ५,००० रुपये उसने दिले. हे सगळं जोडून जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. चार वर्षांची सवलत संपायला वर्षभरच उरलं होतं.

या वेळी घड्याळ त्यांच्याच पैशांवर चालत होतं. सकाळपासून ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात, रात्री खोलीवर भाजलेले पापड खाऊन पुन्हा वाचन. १९२१ मध्ये एम.एस्सी. झालं. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध दिला. परीक्षकांनी तो बदलून मागितला. पैसे संपत आले होते, म्हणून त्यांनी मुंबईला येऊन तो दुरुस्त केला आणि पुन्हा पाठवला. १९२३ च्या अखेरीला डी.एस्सी. मिळाली.

आणि कोलंबियाची पीएच.डी.? ती अजून बाकीच होती. तिथला नियम असा की प्रबंधाच्या छापील प्रती जमा केल्याशिवाय पदवी नाही. म्हणजे लिहायचा वेळ मिळाला तरी छापायचा खर्च वेगळा. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं ते पुस्तक १९२५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालं. प्रस्तावना सेलिग्मन यांची, अर्पण सयाजीराव महाराजांना. पदवी मिळाली जून १९२७ मध्ये.

१९१३ ते १९२७. चौदा वर्षं. आपण हे कष्टांचं उदाहरण म्हणून सांगतो आणि ते खरंही आहे. पण इतक्या वेगानं शिकणाऱ्या माणसाला चौदा वर्षं अभ्यासामुळे लागली नाहीत. मधली बरीचशी वर्षं मुदत संपल्यामुळे, घर नाकारल्यामुळे आणि पुढच्या तिकिटाचे पैसे साठवण्यात गेली. या चौदा वर्षांच्या मागे उभ्या असलेल्या रमाबाईंच्या नावानं कुठलीच शिष्यवृत्ती नव्हती.

हे सगळ्यात जास्त कुणाला कळलं असेल तर ते खुद्द बाबासाहेबांना. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ऑक्टोबरमध्येच त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना एक निवेदन दिलं. त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी, परदेशातल्या शिक्षणासकट, सरकारी पैशांची मागणी होती. मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्तीची केंद्रीय योजना १९४४ मध्ये सुरू झाली. परदेशी शिक्षणासाठीची राष्ट्रीय योजना १९५४-५५ पासून चालत आली. मला यातली खुबी ही वाटते की त्यांनी आणखी एक उदार महाराज शोधला नाही. सयाजीरावांचे उपकार त्यांनी पुस्तकाच्या पहिल्या पानावर मानले, पण पुढच्या पोरांसाठी सरकारच्या बजेटमध्ये ओळ मागितली.

ती ओळ आमच्या घरापर्यंत आली. बाबा त्या शिष्यवृत्तीवर औरंगाबादला शिकले. मीही इंजिनिअरिंग त्यावरच केलं. तिसऱ्या वर्षाचा हप्ता मात्र नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी खात्यात जमा झाला. मधल्या काळात कॉलेजनं हॉल तिकीट अडवलं, तेव्हा आईच्या बचत गटातून कर्ज काढलं होतं. मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो. पैसे पूर्ण होते, एक रुपयाही कमी नव्हता. फक्त वेळ टळून गेली होती.

परवा मी शीटमध्ये पाचवा रकाना घातला, 'मुदत'. आता प्रत्येक प्राध्यापकाला आणि विभागाला तीन प्रश्न विचारतो. निधी किती वर्षांचा लेखी आहे? गाइड सोडून गेले किंवा त्यांचा प्रकल्प संपला तर पुढे कोण पैसे देणार? तुमच्याकडे पीएचडीला प्रत्यक्षात सरासरी किती वर्षं लागतात? आधी वाटायचं, असं विचारलं तर पैशासाठी आलोय असं समजतील. काहींना वाटलंही असेल. काहींनी मात्र सरळ आकडे कळवले, आणि आधीच्या विद्यार्थ्यांशी बोलायला सांगितलं.

एकोणतीसपैकी अकरा विद्यापीठं उरलीत. पहिल्या अर्जाची शेवटची तारीख १ डिसेंबर आहे. बाबांना शीट दाखवली, तर चष्मा वर करून त्यांनी थेट पाचवा रकाना वाचला आणि म्हणाले, "चार वर्षं म्हणतायत ना, मग आपण पाचाची तयारी ठेवू."